आपल्या नावानिशी : दुर्गाबाई खोटे

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शोधाशोध करून थकल्यावर फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले, आणि भारतीय चित्रपटाची पहिली नायिका एका पुरुषाने साकार केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या व स्त्रियांसाठी वाट मोकळी झाली खरी. परंतु पांढरपेशा समाजाच्या मनातील दार बंदच राहिले. नाटक-सिनेमात काम करणारी स्त्री कितीही गुणी असली, तरी तिला घरात पाहुणी म्हणून बोलावण्याची त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबांची तयारी नव्हती.

एकोणीस वर्षांनी हीच तारामती पुन्हा पडद्यावर आली. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटातील ही तारामती मुंबईच्या एका प्रतिष्ठित सॉलिसिटरची कन्या होती, इंग्रजी शाळेत आणि महाविद्यालयात शिकलेली होती, एका संपन्न घराण्याची सून होती आणि दोन मुलांची आई होती. पडद्यासाठी तिने टोपणनाव घेतले नाही. सासरचे नाव लपवण्याची वेळ आली असती तर लपवता आले असते. तिने तेही केले नाही. दुर्गा खोटे हे तिचे नाव पुढे पन्नास वर्षे श्रेयनामावलीत झळकत राहिले. एका नावामागे उभे राहण्याची किंमत काय असते आणि ती चुकती केल्यावर समाजाला काय मिळते, हे समजून घेण्यासाठी दुर्गाबाईंचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, घरात बोली कोंकणी. वडील पांडुरंग शामराव लाड आणि आई मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. सणवार, कुळाचार, येणाजाणाऱ्यांचा राबता आणि त्याच्या जोडीला इंग्रजी शिक्षणाचे वारे, अशा दुहेरी संस्कारांत ही मुलगी वाढली. कॅथेड्रल हायस्कूलमध्ये तिचे शालेय शिक्षण झाले आणि पुढे तिने सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुलीला महाविद्यालयात धाडणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती, हे लक्षात घेतले म्हणजे लाड कुटुंबाच्या दृष्टीची कल्पना येते. अर्थात त्या शिक्षणाचा उपयोग मुलीला पोट भरण्यासाठी करावा लागेल, असे मात्र त्या घरातील कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. मुलीचे शिक्षण हा तेव्हा घराण्याचा अलंकार होता.

वयाच्या अठराव्या वर्षी त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथराव बनारस हिंदू विश्वविद्यालयातून यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले. खोटे घराणेही सधन. बकुळ आणि हरिन ही दोन मुले झाली. बाहेरून पाहणाऱ्याला या संसारात उणे काही दिसले नसते. परंतु खोटे कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली आणि ऐश्वर्याला ओहोटी लागली. पतीचेही अकाली निधन झाले. पंचविशी नुकती ओलांडलेल्या या तरुण स्त्रीवर दोन लहान मुलांना वाढवण्याचा भार येऊन पडला.

तिच्यापुढे सोपा मार्ग होता. माहेर भक्कम होते. आश्रित म्हणून तेथे आयुष्य काढता आले असते आणि समाजाने त्यात काहीच वावगे मानले नसते. किंबहुना तशा परिस्थितीतील स्त्रीने तसेच करावे, अशीच रीत होती. दुर्गाबाईंना ते मानवले नाही. आपल्या मुलांचे आपण करायचे, हा त्यांचा निश्चय होता. त्यांनी शिकवण्या धरल्या. शिकलेले ज्ञान घरोघर जाऊन वाटण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मात्र शिकवण्यांच्या तुटपुंज्या मिळकतीत दोन मुलांचे शिक्षण आणि संसार भागणे कठीण होते.

अशा वेळी चित्रपटाची संधी दारी आली. १९३१ साल हे भारतीय चित्रपटाच्या संक्रमणाचे वर्ष होते. ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली होती आणि मूकपटांच्या निर्मात्यांना एकाएकी शुद्ध बोलणाऱ्या, गाऊ शकणाऱ्या, सुसंस्कृत वाणीच्या कलावंतांची निकड भासू लागली होती. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील एक छोटी भूमिका दुर्गाबाईंनी स्वीकारली. गरज पैशाची होती, अनुभव शून्य होता आणि चित्रपटाचा एकंदर घाट कसा आहे, याची त्यांना पुरेशी कल्पना नव्हती. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे स्वरूप पाहून त्या स्वतःच खिन्न झाल्या. त्यातच जाहिरातीसाठी त्यांच्या कुळाचा डंका पिटला गेला. लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून सिनेमात, ही बातमी गिरगावापासून साऱ्या शहरात पसरली. टीकेचा वर्षाव झाला. ज्या घरांत त्यांचे कौतुक होत असे, तेथे नाके मुरडली गेली. चूक एका सुमार चित्रपटाची होती, पण शिक्षा भोगावी लागली ती दोन्ही घराण्यांच्या नावाला.

बहुतेकांचा प्रवास येथेच संपला असता. दुर्गाबाईंचाही संपण्याच्या बेतात होता. नेमक्या त्याच वेळी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीकडून बोलावणे आले. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ साली स्थापन केलेली ही संस्था आपल्या कामाच्या शिस्तीसाठी आणि अभिरुचीसाठी तेव्हाच नावारूपाला येऊ लागली होती. प्रभातचा पहिला बोलपट व्हायचा होता आणि शांतारामबापूंना तारामती हवी होती. एकदा पोळल्यानंतर पुन्हा त्याच क्षेत्रात पाऊल टाकणे म्हणजे उरलेली पतही पणाला लावणे होते. तरीही दुर्गाबाई कोल्हापूरला गेल्या. ‘फरेबी जाल’ने लागलेला डाग घरात बसून पुसला जाणार नाही, चांगले काम केल्यानेच पुसला जाईल, हा त्यामागचा विचार त्यांच्या पुढील सगळ्या वाटचालीत दिसून येतो.

‘अयोध्येचा राजा’चे चित्रीकरण म्हणजे एक तपश्चर्याच होती. पार्श्वगायनाचे तंत्र आपल्याकडे तेव्हा आलेले नव्हते. नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे आणि वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसवून साथ घेतली जाई. एखादा सूर चुकला, एखादे वाक्य अडखळले किंवा बाहेरचा एखादा आवाज आत शिरला, की सारे पुन्हा पहिल्यापासून. त्यात हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी तयार होत असल्याने प्रत्येक प्रसंग दोनदा रंगवावा लागे. हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीतकार म्हणूनही गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संगीतातील अधिकारी पुरुष होता. त्यांच्यासमोर शास्त्रोक्त तालीम नसलेल्या दुर्गाबाईंना स्वतःची गाणी स्वतःच गायची होती. त्यांनी ती गायली. रंगभूमीच्या ठसकेबाज, हातवारे करीत बोलण्याच्या पद्धतीला सरावलेल्या प्रेक्षकांना या तारामतीचे संयत बोलणे आणि चेहऱ्यावरील सात्त्विक तेज नवे वाटले. काशीच्या बाजारात विकली जाणारी, दासीपण पत्करणारी, तरीही मान ताठ ठेवणारी ती राणी प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारली. दुर्गाबाईंच्या स्वतःच्या दैवगतीची छाया त्या भूमिकेवर पडली असेल, तर त्यात नवल नाही.

पाठोपाठ त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. स्त्रीराज्याच्या राणीची ही भूमिका तारामतीच्या अगदी उलट. सोशिक पतिव्रतेच्या जागी आता पुरुषांना धाक दाखवणारी, पायाशी चित्ता बाळगणारी सम्राज्ञी उभी राहिली. दोन चित्रपटांत दोन टोके गाठून दुर्गाबाईंनी आपल्या अभिनयाचा आवाका सिद्ध केला. ज्या शहराने वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्याच शहरात आता त्यांची छायाचित्रे आदराने पाहिली जाऊ लागली. समाजाचे मत बदलते, पण ते बदलण्यासाठी कोणाला तरी आधी निंदा सोसावी लागते.

यानंतर दुर्गाबाईंनी जो निर्णय घेतला, त्याचे महत्त्व आज चटकन ध्यानात येणार नाही. त्या काळी कलावंत हा कंपनीचा पगारी नोकर असे. कंपनी सांगेल ती भूमिका करायची, कंपनीच्या आवारात वेळेवर हजेरी लावायची आणि दुसऱ्या संस्थेकडे पाहायचे नाही, अशी करारांची बांधिलकी होती. दुर्गाबाईंनी कोणत्याही एका संस्थेशी स्वतःला कायमचे बांधून घेतले नाही. भूमिका पाहून, दिग्दर्शक पाहून त्या काम स्वीकारीत. अशा मुक्त पद्धतीने काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. हे स्वातंत्र्य धोक्याचे होते, कारण दरमहाच्या पगाराची हमी त्यात नव्हती, आणि घरी दोन मुले होती. परंतु कोणते काम करायचे आणि कोणते नाकारायचे, हा अधिकार हातात ठेवल्याखेरीज आपल्या नावाचे रक्षण होणार नाही, हे त्या पहिल्याच अनुभवातून शिकल्या होत्या.

या स्वातंत्र्यामुळेच त्या कलकत्त्याला जाऊ शकल्या. न्यू थिएटर्स ही तेव्हा बंगालमधील अग्रगण्य चित्रसंस्था. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी १९३३ साली ‘राजरानी मीरा’ केला. पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी देवकीबाबूंनीच ‘सीता’ दिग्दर्शित केला. त्यात दुर्गाबाई सीता आणि पृथ्वीराज कपूर राम होते. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. गोव्याचे मूळ, मुंबईचे शिक्षण, कोल्हापुरात घडलेला अभिनय आणि बंगाली दिग्दर्शकाच्या हिंदी चित्रपटातील सीता! महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या कुटुंबांना हा प्रवास विशेष जवळचा वाटावा. घरात कोंकणी, शाळेत इंग्रजी, रंगभूमीवर मराठी आणि पडद्यावर हिंदी-उर्दू, अशा चार-पाच भाषांत त्या सहज वावरल्या आणि एकीच्या लोभाने दुसरीला त्यांनी दूर लोटले नाही.

१९३६ साली त्या पुन्हा प्रभातमध्ये आल्या. प्रभात तोवर पुण्याला स्थलांतरित झाली होती. ‘अमर ज्योती’ या चित्रपटात त्यांनी सौदामिनी साकारली. पोटच्या मुलावरचा हक्क कायद्याने नाकारला गेल्यामुळे पेटून उठलेली आणि समुद्रावर चाचेगिरी करीत राज्यसत्तेशी वैर धरणारी ही स्त्री भारतीय पडद्याला सर्वस्वी अपरिचित होती. स्त्री ही पुरुषाची गुलाम का, हा प्रश्न शांतारामबापूंनी या चित्रपटातून रोखठोक विचारला, आणि तो पेलणारी अभिनेत्री त्यांना दुर्गाबाईंमध्ये सापडली. हाही चित्रपट व्हेनिसला गेला. एका आईचा आपल्या मुलावरचा अधिकार हा त्याचा गाभा होता. स्वतःच्या मुलांसाठी समाजाचा रोष पत्करलेल्या स्त्रीने ही भूमिका करावी, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

१९३७ साली ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीची धुराही त्यांनी उचलली. कॅमेऱ्यामागची सूत्रे स्त्रीच्या हाती असण्याची कल्पनाही तेव्हा क्वचित कोणी केली असेल. चित्रपट म्हणजे केवळ चेहरा नव्हे, तो हिशेब, वेळापत्रक, माणसे सांभाळणे आणि शब्द पाळणे आहे, ही जाण त्यांच्या अंगी होती. पुढे उतारवयात तिचे मोठे फळ मिळाले.

चाळिशीच्या दशकात दुर्गाबाईंनी आणखी एक धाडस केले. नायिकेचे वय सरत आले, की अनेक अभिनेत्री एक तर निवृत्त होत किंवा तारुण्य ओढूनताणून टिकवण्याच्या खटपटीत हास्यास्पद होत. दुर्गाबाईंनी ऐन छत्तिसाव्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या चित्रपटात खाष्ट सासू रंगवली. सुनेच्या भूमिकेत वनमाला होत्या. सहानुभूती सुनेकडे आणि शिव्याशाप सासूकडे, असा उघड मामला असतानाही त्यांनी ही भूमिका अशा ताकदीने केली की प्रेक्षकांच्या मनात सासूच घर करून राहिली. पुढच्याच वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. कालची सीता आज कैकेयी! या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. १९४३ साली सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये त्यांनी मृणालवती साकारली. कन्हैयालाल मुन्शी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात कैदी राजा मुंज आणि दर्पयुक्त मृणालवती यांचे शाब्दिक द्वंद्व गाजले. सोहराब मोदींसारख्या पल्लेदार वाणीच्या नटासमोर तोलामोलाने उभे राहणे येरागबाळ्याचे काम नव्हते.

पडद्यावर एवढे यश मिळत असताना रंगभूमीने त्यांना साद घातली. मराठी रंगभूमीचे ते दिवस कठीण होते. बोलपटांच्या आगमनाने नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची परंपरा अद्याप पुरती मावळली नव्हती. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगवताना स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे सोपवल्या, हीसुद्धा तेव्हा मोठी घटना ठरली होती. अशा काळात गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्योत्सव भरवून रंगभूमीला संजीवनी देण्याचे कार्य हाती घेतले. साहित्य संघ केळेवाडीत, आणि दुर्गाबाईंचे बालपण गेले ती कांदेवाडीही गिरगावातलीच. ज्या परिसरात एके काळी त्यांच्या नावाची कुजबूज झाली होती, त्याच परिसरात त्या आता मानाने रंगमंचावर उभ्या राहिल्या.

कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील त्यांची आनंदीबाई जुन्या रसिकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. समोर राघोबादादांच्या भूमिकेत नानासाहेब फाटक. ‘ध’ चा ‘मा’ केल्याचा कलंक लोकस्मृतीने ज्या स्त्रीवर कायमचा मारला, तिची सत्तालालसा, तिची बुद्धी आणि तिचा अहंकार दुर्गाबाईंनी एकत्र उभा केला. वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’ या नाटकातील प्रमुख स्त्रीभूमिकाही त्यांनी केली. चित्रपटातील एका दिवसाच्या कामाला जे मोल मिळे, त्याच्या तुलनेत नाटकातील प्राप्ती किरकोळ होती. महिनोन्‌महिने तालमींना मात्र तितकाच वेळ द्यावा लागे. केवळ अर्थार्जन हाच हेतू असता, तर त्यांनी हा मार्ग धरला नसता. ज्या कलेत त्या गरजेपोटी आल्या, तिच्यावर त्यांचे प्रेम जडले होते, आणि ते प्रेम त्यांनी असे फेडले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आले.

१९६० साली के. आसिफ यांचा ‘मुग़ल-ए-आज़म’ प्रदर्शित झाला. अकबर होते पृथ्वीराज कपूर, आणि जोधाबाई दुर्गाबाई. सव्वीस वर्षांपूर्वी ‘सीता’मध्ये राम-सीता झालेली ही जोडी आता सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून समोरासमोर आली. एका बाजूला पती आणि साम्राज्य, दुसऱ्या बाजूला एकुलता एक पुत्र सलीम, या दोहोंमध्ये चिरडली जाणारी माता त्यांनी फारसे न बोलता उभी केली. भव्य महाल, शिशमहालाची झगमग, रणांगणे आणि गाजलेली गाणी या साऱ्यांतून जोधाबाईचा व्याकूळ चेहरा वेगळा लक्षात राहतो. राजपूत माहेरचे संस्कार आणि सम्राज्ञीपदाची मर्यादा, दोन्ही त्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात.

त्यानंतरची दोन दशके त्या हिंदी पडद्यावरील आई, मावशी आणि आजी झाल्या. आज पन्नाशी-साठीत असलेल्या वाचकांना दुर्गाबाई आठवतात त्या बहुधा याच रूपात. ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘खुशबू’, ‘कर्ज’ अशा कितीतरी चित्रपटांत त्या आल्या. ‘बॉबी’मध्ये त्यांनी नायकाला लहानपणी सांभाळणारी आणि नायिकेची आजी असलेली मिसेस ब्रगँझा केली; गोव्याच्या मातीशी असलेले त्यांचे मूळचे नाते तेथे सहजपणे उमटले असावे. १९७४ सालच्या ‘बिदाई’तील आईसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. भूमिका लहान आहे की मोठी, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. वेळेवर येणे, संवाद पाठ असणे आणि नवख्या कलावंतालाही सन्मानाने वागवणे, हा त्यांचा शिरस्ता होता.

याच काळात त्यांनी निर्मितीच्या क्षेत्रात पुन्हा पाऊल टाकले. लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट तयार करणारी संस्था त्यांनी उभारली आणि नेटाने चालवली. दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झालेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची निर्मिती होती. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेला तो मध्यमवर्गीय वागळे घराघरांत पोहोचला. मूकपटाच्या अस्तकाळी कारकीर्द सुरू करणाऱ्या या स्त्रीने दूरचित्रवाणीच्या युगातही आपले स्थान मिळवले, ही गोष्ट पुरेशी लोकांना ठाऊक नाही.

वैयक्तिक आयुष्याने मात्र त्यांना पुन्हा एकदा कसोटीला लावले. धाकट्या हरिनचे ऐन उमेदीत निधन झाले. विख्यात रंगकर्मी विजया मेहता या हरिन यांच्या पत्नी. ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप मांडला, त्यांपैकी एकाला आपल्या डोळ्यांदेखत निरोप देण्याची वेळ मातेवर यावी, याहून कठोर आघात कोणता? त्या खचल्या, पण थांबल्या नाहीत. पहिल्या संकटात जो उपाय त्यांनी शोधला होता, तोच याही वेळी कामी आला : काम करीत राहणे. नातवंडांनीही पुढे अभिनय आणि चित्रनिर्मितीचीच वाट धरली.

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना १९८३ सालासाठी लाभला. ज्या फाळक्यांना आपल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान पहिल्या मराठी बोलपटातील तारामतीला मिळावा, यात इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले. त्याआधी १९८२ साली ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र प्रकाशित झाले होते. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. शीर्षकात आधी ‘मी’ आणि मग पूर्ण नाव. या नावावर एके काळी उठलेले वादळ ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या दोन-तीन शब्दांचे वजन जाणवल्यावाचून राहणार नाही. अखेरची वर्षे त्यांनी अलिबागच्या शांत परिसरात घालवली आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांच्या छायाचित्राचाही समावेश झाला.

दोनशेच्या आसपास चित्रपट, गाजलेली नाटके, मानसन्मान, हे सारे दुर्गाबाईंच्या खात्यावर जमा आहेच. परंतु त्यांच्या आयुष्याचा खरा ठेवा वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांच्या आधीही गुणवान अभिनेत्री होत्या. त्यांतील कित्येकींना आयुष्यभर उपेक्षाच मिळाली, आणि ती उपेक्षा करणारा समाज सुशिक्षितच होता. दुर्गाबाईंच्या वाट्याला आलेल्या आदरात त्यांच्या कुळाचा वाटा होता, हे नाकारून चालणार नाही. पण त्या कुळाने दिलेली ढाल त्यांनी केवळ स्वतःसाठी वापरली नाही. त्यांच्यानंतर या क्षेत्रात येणाऱ्या मुलींच्या घरी जेव्हा वाद झाले असतील, तेव्हा दुर्गाबाईंचे उदाहरण त्या मुलींच्या बाजूने उभे राहिले. कलावंत स्त्रीचा घरंदाजपणा तिच्या जन्मावरून नव्हे, तिच्या कामावरून ओळखावा, ही गोष्ट त्यांनी कोणतेही भाषण न करता पटवून दिली.

मुलीला शिकवताना आईवडिलांच्या मनात तिच्या सुखी संसाराचे चित्र असते, आणि ते असावेच. लाड दांपत्याच्याही मनात तेच होते. दैवाने ते चित्र पुसून टाकले, तेव्हा त्या मुलीजवळ दागिने उरले नव्हते, घराण्याचा आधार उरला नव्हता. तिची वाणी, तिची समज, तिचा आत्मविश्वास आणि नवे शिकण्याची तयारी तेवढी उरली होती. तेवढ्या शिदोरीवर तिने दोन मुले वाढवली आणि एका अख्ख्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मुलीच्या शिक्षणाचा उपयोग कधी आणि कसा होईल, हे तिला शाळेत घालणाऱ्या कोणालाच सांगता येत नाही. ती मुलगी अडचणीच्या प्रसंगी आपल्या नावानिशी, ताठ मानेने उभी राहू शकते की नाही, यावरच त्या शिक्षणाची परीक्षा होते. दुर्गाबाई खोटे त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, आणि म्हणूनच पडद्यावरील त्यांची तारामती आज फार थोड्यांनी पाहिलेली असली, तरी त्यांचे चरित्र प्रत्येक शिकणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचले पाहिजे.